राजदूतचे कागद

आर्वी नाक्याकडे आमचे एक जुने मेकॅनिक आहेत. सगळा वर्धा त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. पंचाहत्तरी गाठली तरी अजून दुकानात बसतात. पाने-पक्कड मुलाच्या हाती, गाडीचा आवाज ऐकायचे काम मात्र त्यांचे. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला, "एक राजदूत आली आहे. बघून जा."

मी बघून आलो. १९९३ची राजदूत १७५, काळी, टाकीवरचा रंग गुडघ्यांच्या घासण्याने उडालेला. सेलूकडच्या एका शेतकऱ्याची. त्याने तिच्यावर वीस-बावीस वर्षे दूध वाहिले. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हूक अजून तसेच आहेत. तो गेला, मुलाला गाडी नको आहे. मागणी वीस हजारांची. घरी येऊन सांगितले तर मुलगी म्हणाली, "अब्बू, तेवढ्यात इलेक्ट्रिक चेतकचं डाउन पेमेंट होतं." तिचे चुकीचे नाही. मी गप्प बसलो, कारण माझ्या डोक्यात त्या वेळी वीस हजारांचा हिशेब नव्हताच. १९७९चे एक सकाळचे दृश्य होते, आणि त्याच्या मागोमाग १९९३चे.

पण ते सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल. कारण जुनी गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न आज आपल्याला साधा वाटतो; आमच्या वडिलांच्या पिढीला तो असा पडतच नव्हता.

वर्ध्याचे आणि दुचाकीचे नाते तसे घरचेच. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावचा. वर्ध्याच्या बच्छराज सेठांच्या घरात ते नातू म्हणून दत्तक आले आणि वर्ध्याचेच झाले. १९२८ साली त्यांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. गांधीजींना वर्ध्याला आणण्यात त्यांचा वाटा मोठा. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यात आले, १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, आणि त्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. त्या काळची एक गोष्ट जुने वर्धेकर हसत सांगतात. बजाजांच्या घरी एक फोर्ड मोटार होती. तिचे इंजिन काढून तिला बैल जुंपले आणि पाहुण्यांची ने-आण सुरू केली. बैल म्हणजे ऑक्स आणि गाडी फोर्ड, म्हणून तिचे नाव पडले 'ऑक्सफर्ड'! जुन्या गाडीचे काय करावे, याचे वर्ध्याने दिलेले हे बहुधा पहिले उत्तर.

जमनालालजी फेब्रुवारी १९४२ मध्ये वारले. नोव्हेंबर १९४५ मध्ये 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नावाची कंपनी नोंदली गेली. बच्छराज म्हणजे तेच, आमच्या वर्ध्याचे सेठ. १९४८पासून ही कंपनी बाहेरून आणलेल्या दुचाक्या-तीनचाक्या विकू लागली, १९५९ मध्ये तिला देशात गाड्या बनवण्याचा परवाना मिळाला आणि १९६० साली ती पब्लिक लिमिटेड झाली. हीच बजाज ऑटो. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि पुढच्या वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. थोडक्यात, नाव वर्ध्याचे, कारखाना पुण्याचा.

अब्बा देवळीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही राहायचो वर्ध्यात. रोज एसटीने जाणे-येणे, आणि संध्याकाळची एसटी चुकली की रात्री आठ-नऊ. १९७४ मध्ये त्यांनी बजाजची स्कूटर नोंदवली. त्यांची मनापासून समजूत होती की बजाज वर्ध्याचे, तेव्हा वर्धेकरांचा नंबर जरा लवकर लागत असेल. तसे काही नव्हते. नंबर देशाचा होता आणि देश मोठा होता.

आज सांगितले तर मुलांना खोटे वाटते, पण तेव्हा किती स्कूटर बनवायच्या हे कारखानदार ठरवत नसे, परवाना ठरवत असे. वाटप कसे व्हावे यासाठी १९६० सालीच सरकारचा खास नियंत्रण आदेश निघाला होता. अनामत भरायची, क्रमांक घ्यायचा आणि थांबायचे. चेतकसाठी दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे प्रत्येक गावात होती. मिळालेली गाडी लगेच विकायची सोय नव्हती, त्यावर बंधन होते. कारण उघड आहे. ज्याच्या हाती गाडी आली तो तीच गाडी कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकू शकत होता. दोन वर्षे वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग! ज्यांचा कुणी नातेवाईक आखातात किंवा अमेरिकेत असेल त्याला परकीय चलनात पैसे भरून रांगेबाहेर गाडी मिळायची. आमचे आखातात कुणी नव्हते. एक फुपूजाद भाऊ नागपूरच्या मोमिनपुऱ्यात होता, पण त्याचा उपयोग फक्त ईदला.

तर जुनी गाडी ही तेव्हा गरिबाची सोय नव्हती. जुनी गाडी म्हणजे रांग मोडण्याची किंमत होती.

मोटारसायकलींची गोष्ट थोडी वेगळी. स्कूटर हा मध्यमवर्गाचा शब्द. साडी नेसलेली बायको मागे आडवी बसू शकते, पुढे एक पोर उभे राहते, पायाशी भाजीची पिशवी मावते. मोटारसायकल तीन होत्या. मद्रासची बुलेट लष्करात आणि पोलिसांत, किंवा पाटलाच्या दारात. म्हैसूरची जावा, पुढे तिचीच येझदी झाली, ती कॉलेजातल्या हौशी पोरांची. मुंबईच्या रुस्तम इराणींनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावाशी करार करून म्हैसूरला तो कारखाना उभा केला होता. आणि तिसरी राजदूत.

राजदूत मूळची पोलंडची. तिथल्या क्येल्त्से शहरात एसएचएल नावाच्या मोटारसायकली बनत. त्यातल्या एम-११ या मॉडेलवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला राजदूत १७५ बनवायला घेतली. पोलंड म्हटले की मराठी माणसाला कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची छावणी. पण पोलंडहून आलेली ही दुसरी पाहुणी विदर्भात कितीतरी जास्त काळ राहिली, आणि तिला कुणी पाहुणी म्हटले नाही. एक सिलिंडर, दोन स्ट्रोक, तीन गिअर. जाहिरातीत धर्मेंद्र. १९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि त्यातल्या छोट्या राजदूतचे नावच लोकांनी बॉबी ठेवले. पण ती नाजूक गाडी आमच्याकडच्या काळ्या मातीची नव्हे. मोठी राजदूत मात्र पावसाळ्यात पांदण रस्त्याने जाई. तिचे पुढचे फोर्क आजच्या गाड्यांसारखे सरळ टेलिस्कोपचे नसतात, चाकाच्या मागे टेकू असलेली जुनी पद्धत आहे. दिसायला बोजड, पण दगडधोंड्यात चाक धरून राहते. दूधवाले, कापसाचे दलाल, ग्रामसेवक, टिनाच्या पेट्या बांधून बाजार करणारे कापडवाले, सगळ्यांची ती गाडी होती.

१९७९ साली पाच वर्षे रांगेत काढल्यावर अब्बांनी जुनी राजदूत घेतली. अम्मीच्या दोन पाटल्या सराफाकडे गेल्या. मी आठ वर्षांचा होतो. ती सकाळ मला अशी आठवते: गल्लीत गाडी उभी, अब्बा एक पाय जमिनीवर ठेवून किक मारताहेत, अकराव्या की बाराव्या किकला ती पेटली आणि निळ्या धुराने शेजारच्या ओसरीवरच्या आजी खोकू लागल्या. "मास्तर, गाडी आणली की चूल?" त्या म्हणाल्या. अब्बा इतके हसले की गाडी परत बंद पडली.

आणि १९८३ मध्ये बजाजचे पत्र आले. नंबर लागला होता. नऊ वर्षांनी! पैसे नव्हते. ते पत्र अम्मीच्या पेटीत बरीच वर्षे निकाहनाम्याशेजारी ठेवलेले होते.

पुढे सगळे फार झपाट्याने बदलले. १९८०च्या दशकात सरकारने जपानी भागीदारीला वाट मोकळी केली. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी या चारी नावांच्या शंभर सीसीच्या गाड्या भारतीय कंपन्यांबरोबर आल्या. हिरो होंडाची सीडी-१०० एका लिटरमध्ये राजदूतच्या दुप्पट चालते, असे लोक म्हणायचे. ज्या राजदूतसाठी पाटल्या गेल्या होत्या, ती आता शेजाऱ्याने फुकट मागावी अशी झाली. रांग गेली तशी जुन्या गाडीची किंमत गेली. खरे तर 'सेकंड हँड' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, स्वस्त, तडजोडीची, बघून घ्यायची गाडी, तो अर्थ तेव्हापासूनचा आहे.

१९९० मध्ये अब्बांनी राजदूत विकली. घेणारा ओळखीतल्या ओळखीचा. त्याने पैसे मोजले, अब्बांनी कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, चहा झाला. "नाव बदलून घेतो मास्तर, पुढच्या सोमवारी." तेव्हा सगळेच असे करीत. आजही करतात.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. गांधी-विनोबांची भूमी म्हणून बंदी, आणि बंदी म्हणून नदीपलीकडच्या जिल्ह्यातून चोरटी वाहतूक. १९९३च्या उन्हाळ्यात दुपारी दोन पोलीस आमच्या दारात आले. एक राजदूत पकडली होती, दुधाच्या कॅनमध्ये दारू. चालवणारा गाडी टाकून पळाला. नंबरवरून नाव निघाले ते अब्बांचे.

ते १९९३ होते, हे इथे सांगायला हवे. डिसेंबर आणि जानेवारी होऊन गेले होते. वर्ध्यात तसे काही झाले नव्हते, शेजारपाजार शाबूत होता. तरी त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात खाकी दिसली की लोक दार लोटून घेत. पाच वेळचा नमाजी माणूस, ज्याने सरबतसुद्धा वास घेऊन प्यायचे, त्याला दारूच्या गुन्ह्यात चौकशीला नेले. मी तेव्हा बीए करून घरीच होतो. मागे मागे सायकलने गेलो. सकाळी गेलेले अब्बा संध्याकाळी मोकळे झाले. कुणी हात लावला नाही, कुणी अपशब्दही बोलले नाही. एका बाकावर बसवून ठेवले इतकेच. देवळीच्या शाळेतले एक गुरुजी आले, त्यांनी सांगितले की हे मास्तर असे नाहीत. पण गाडी विकल्याचा कागद कुठे, या प्रश्नाला अब्बांकडे उत्तर नव्हते. मधल्या तीन वर्षांत ती गाडी किती हातांतून गेली कुणास ठाऊक, कागदावर ती एकदाही हलली नव्हती. प्रकरण मिटायला पुढे वर्ष-दीड वर्ष गेले, तारखा पडल्या.

अब्बांनी त्यानंतर गाडी घेतली नाही. निवृत्तीनंतरही सायकलच. मीही अनेक वर्षे घेतली नाही, आणि घेतली ती शोरूममधून नवी, पहिल्या दिवसापासून माझ्या नावाची. लोक विचारत, तुम्ही कवी माणूस, जुन्या वस्तूंची आवड, मग जुनी बुलेट वगैरे का घेत नाही? मी मायलेजचे कारण सांगायचो.

कायदा तेव्हाही स्पष्टच होता. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला होता. त्याचे ५०वे कलम सांगते की विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. कळवण्याचा नमुना २९, हस्तांतराचा नमुना ३०. आपण ज्याला टीटी फॉर्म म्हणतो ते हेच जोडपे. गाडी दिली, पैसे घेतले, म्हणजे आपण सुटलो, ही समजूत २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात पुरती मोडून काढली. मधे गाडी कितीही हातांत गेली असली तरी नोंद ज्याच्या नावावर, कायद्याच्या नजरेत मालक तोच आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याची, असे त्या निकालात आहे. तो निकाल वर्तमानपत्रात वाचला तेव्हा अब्बा जाऊन चार वर्षे झाली होती.

आता पुन्हा चाचांच्या दुकानात.

चाचांची गाडी बघायची रीत ठरलेली. विकणाऱ्याला आधी फोन करायचा की मी येतोय तोवर गाडी चालू करू नको. आल्या आल्या इंजिनावर हात ठेवायचा. गरम असेल तर परत फिरायचे. गरम इंजिन कुणाचेही पेटते, खरी परीक्षा थंड्या सकाळची. मग हाताने किक दाबून बघायची. अंगठ्याला नीट दाब लागला पाहिजे, सैल गेली तर पिस्टन-रिंग आणि बोअरचा खर्च. टू-स्ट्रोकचा धूर बघून घाबरायचे नाही, पेट्रोलमध्ये ऑइल घातले की निळसर धूर येणारच. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर क्रँकचे सील गेले, गिअरबॉक्सचे ऑइल आत चालले आहे. मागून उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहायचे. आणि पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारायचा.

टाकीचे हल्ली जास्तच महत्त्व. २०२५पासून आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते; गाडी पंधरा दिवस उभी राहिली की जुन्या लोखंडी टाकीला आतून गंज. जुनी रबरी नळी, कार्बोरेटरची वायसर, हे सारे अशा पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. चाचा म्हणतात, "रोज चालवशील तर गाडी राहील. शोला ठेवशील तर मरेल." राजदूत बनणे २००५च्या सुमारास थांबले, प्रदूषणाच्या नियमांपुढे टू-स्ट्रोक टिकले नाही. पार्ट मिळतात ते दिल्ली-लुधियानाकडचे लोकल. येझदीचा म्हैसूरचा कारखाना त्याआधीच, १९९६ मध्ये बंद झाला होता. जुनी चेतकही थांबली. आणि आता तेच नाव इलेक्ट्रिक होऊन आमच्या गल्लीत आवाज न करता फिरते.

सेलूची राजदूत चाचांच्या परीक्षेत पास झाली. चौथ्या किकला पेटली. मी बसून बजाज चौकापर्यंत जाऊन आलो. हात आपोआप क्लचवर गेला, पाय आपोआप गिअरवर. मागच्या सीटवर कुणीतरी बसले आहे असा भास मला झाला असे मी म्हणणार नाही. कवी म्हणून तेवढे स्वातंत्र्य आहे, पण झाले नाही. झाले ते एवढेच की मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसलो.

परत आल्यावर चाचा म्हणाले, "बेटा, गाडी पाहिलीस. आता कागद पाहा."

कागद म्हणजे एक जुने आरसी बुक, एमएच-३२ नंबरचे, कडा उंदराने कुरतडलेल्या. मूळ नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २००८पर्यंत. मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या शेतकऱ्याने ते २०१३ मध्ये केले, २०१८ मध्येही केले. २०२३ला तो आजारी होता. तेव्हापासून गाडी कागदावर मेलेली आहे. वीस वर्षांवरच्या दुचाकीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये २००० रुपये झाले. उशिराबद्दल महिन्याला ३०० रुपये वेगळे. पर्यावरण कर वेगळा. नवी नंबरप्लेट वेगळी, विमा वेगळा. आणि मुख्य म्हणजे मालक हयात नाही. आधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्याचा नमुना ३१. मग वारसाकडून माझ्या. मी तिथेच आरसी बुकाच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. कागदांचा खर्च गाडीच्या किमतीच्या पाऊणपटीवर जात होता. एवढे करून या गाडीने समृद्धी महामार्गावर चढता येणार नाही; तो आमच्याच जिल्ह्यातून जातो, पण दुचाकीला तिथे बंदी आहे. ते एक बरेच आहे म्हणा.

शेतकऱ्याचा मुलगा तिशीचा, समंजस. तो म्हणाला, "काका, एवढं कायले करता? बाबाच्या सहीचे दोन कोरे फॉर्म घरी पडले आहेत. त्यांनी मागंच करून ठेवले होते. तारीख टाका अन् न्या. पंधरा हजार द्या."

पाच हजार कमी, आणि महिनाभराचे हेलपाटे वाचले. चाचा काही बोलले नाहीत. ते स्पॅनर पुसत राहिले, आणि तो स्पॅनर आधीच स्वच्छ होता.

मी त्या मुलाला विचारले, "वडिलांचं नाव या गाडीवर किती वर्षं आहे?"

"घेतल्यापासून. बत्तीस."

"मग ते नीट उतरवू. तुझ्या नावावर होऊ दे आधी. खर्च मी देतो, किंमत वीसच."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी येडा आहे की काय, असा विचार त्याच्या मनात आला असणार, आणि मुलीच्या मनात तर नक्कीच आला. तिने घरी तो बोलूनही दाखवला. पण दुसऱ्या दिवशी तो वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन आला. आईचे आणि बहिणीचे संमतिपत्र आणायला त्याला आणखी आठवडा लागेल. मी इसार म्हणून दोन हजार दिले आणि चाचांच्या समोर पावती लिहून घेतली, तारीख-वेळ घालून.

राहिला होता चेसिस नंबर. हँडलखाली, ग्रीस आणि दुधाच्या चिकट थराने तो दिसेनासा झाला होता. चाचांनी रॉकेलचा बोळा फिरवला, मग पांढरा कागद वर धरून मला पेन्सिल दिली. मी आडवी धरून हळूहळू घासली. एकेक आकडा वर येत गेला. शेतकऱ्याचा मुलगा वाकून आरसी बुकातला नंबर मोठ्याने वाचत होता आणि मी कागदावरचा जुळवत होतो. शेवटचा आकडा नीट उमटला नाही, ३ की ८ कळेना. चाचा म्हणाले, "परत घास."